मापाडी

ओझरला विघ्नहराच्या दर्शनाला माणसं हात जोडून येतात, आणि आमच्या मापाड्याची नेमकी तीच पंचाईत होते. जोडलेला हात मापता येत नाही. म्हणून तो देवळाच्या आवारात घाई करत नाही. दर्शन होतं, नारळ फुटतो, पेढ्यांचा पुडा पिशवीत जातो आणि पुण्या-मुंबईची मंडळी चहाला टेकतात. कुणीतरी ग्लास धरायला बोटं पसरतो. तेव्हा हा शेजारच्या बाकावरून सरकत येतो आणि म्हणतो, "जरा पंजा ताणा बघू. उजवा नको, डावा."

भाविकाला वाटतं, ज्योतिषी असावा. तो हात आखडता घेत विचारतो, "किती घेता?"

"काही नाही."

यावर तो जास्तच घाबरतो.

पण हात पुढे येतोच. फुकटचं भविष्य नको म्हणणारा माणूस अष्टविनायकाच्या यात्रेला अजून निघायचा आहे. मापाडी खिशातून शाळकरी प्लास्टिकची पट्टी काढतो, अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत लावतो, डोळे बारीक करतो आणि निकाल देतो, "पियानो होणार नाही. गिटार, झालीच तर जेमतेम." समोरचा गृहस्थ असतो चाकणच्या कारखान्यातला स्टोअरकीपर. पियानो वाजवायचा विचार त्याच्या सात पिढ्यांत कुणी केलेला नसतो. तरी त्याचा चेहरा पडतो. जे कधी नको होतं तेही आता मिळणार नाही म्हटल्यावर माणसाला वाईट वाटतं. ओझरच्या पार्किंगमध्ये अशी पडल्या चेहऱ्याची पुष्कळ माणसं मी गाडीत बसताना पाहिली आहेत.

खरे मापाडी नारायणगावच्या बाजारात असतात. तिथे मालाचं माप होतं, पट्टी होते, पैसे मिळतात. आमच्या मापाड्याच्या मापाने आजवर कुणाला काही मिळालेलं नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलं. आता त्याची बायकोसुद्धा शेजारणीला सांगते, "मापाडी नाहीत घरी, घाटावर गेलेत." घाटावर म्हणजे देवळामागे, कुकडीकडे. येडगावच्या धरणाचं पाणी तिथे पसरलेलं असतं आणि बोटीत बसायला लोकांची रांग असते. रांगेतल्या माणसाला पळता येत नाही.

हा मूळचा एस.टी.तला कंडक्टर. हातांचं वेड नोकरीत लागलं. सुटे पैसे घ्यायला सीटवरून जे हात पुढे यायचे, त्यांवरून त्याने माणसांचे दोन वर्ग पाडले : ज्यांचं सप्तक पुरतं ते, आणि ज्यांचं पुरत नाही ते. स्वतःला त्याने दुसऱ्या वर्गात घातलं आणि तिथून उठायला तो आजतागायत तयार नाही.

त्याच्या मागे एक गिटार आहे. 1973 साली 'यादों की बारात' आला. थिएटरातून बाहेर पडलेल्या निम्म्या पोरांना गिटार हवी होती आणि उरलेल्यांना झीनत अमान. मापाड्याने जे परवडलं ते घेतलं. पुण्याहून एस.टी.च्या टपावर ती गिटार ओझरला आली आणि थोड्याच दिवसांत माळ्यावर गेली. आडवा आला तो एफ. गिटार शिकणाऱ्याच्या वाटेत हा एफचा बार सुरुवातीलाच दबा धरून बसलेला असतो. तर्जनी सहाच्या सहा तारांवर आडवी दाबायची आणि उरलेल्या बोटांनी पुढच्या दोन घरांत तारा धरायच्या. तेही मानेच्या अगदी टोकाला, जिथे घरं सगळ्यात रुंद असतात. 25.5 इंच तारेच्या गिटारीवर पहिलं घर 36 मिलिमीटरचं भरतं. तेच पाचव्या पडद्याच्या पुढे 27 वर येतं. मापाड्याला हे सगळं पाठ आहे. तो सांगतो, "माझी करंगळी अर्ध्या पेराने आखूड. नाहीतर मी आज कुठे असतो!"

कुठे असता, हे विचारायची सोय नाही. विचारलं की दुसरा चहा आपल्याला पाजावा लागतो.

मी ती गिटार पाहिली आहे. तिची मान वाकलेली आहे, तारा लाकडापासून इतक्या वर उठल्या आहेत की खालून पेन्सिल जाईल. त्या गिटारीवर एफ लावायला पैलवान लागेल. पण हे मी त्याला बोललेलो नाही. म्हातारपणी कुणाची करंगळी लांब करायचा आपल्याला काय अधिकार?

हा माणूस फक्त ओझरात आहे असं समजू नका. पोलिसात जाणार होतो पण छाती अर्ध्या इंचाने कमी भरली, हे सांगणारा प्रत्येक गावच्या पारावर असतो. हायस्कूलच्या उंच उडीत जिल्ह्याला गेलो असतो पण टाच सपाट निघाली, हे सांगणारा असतो. देवाने हिशेबात थोडीशी गफलत केली आणि जग एका मोठ्या माणसाला मुकलं, एवढंच त्यांचं म्हणणं. उणीव कायम बारीक असते, अर्ध्या पेराची, पाव इंचाची. आवाजच नाही, किंवा कंटाळा येतो, असं कारण सांगणारा मला अजून भेटलेला नाही.

मापाड्याचा विशेष असा की त्याने अभ्यास केला आहे. बाकीचे लोक आपल्या कमनशिबावर थांबतात, याने त्याचं शास्त्र केलं. त्याच्या वहीत पियानोच्या पांढऱ्या पट्टीची रुंदी आहे, साडेतेवीस मिलिमीटर. एका सा-पासून वरच्या सा-पर्यंतचं अंतर आहे, साडेसोळा सेंटीमीटरच्या आसपास. आणि त्याच्या खिशातली पट्टी आहे 15 सेंटीमीटरची! म्हणजे शास्त्रातला सगळ्यात मोलाचा दीड सेंटीमीटर पट्टीच्या बाहेर पडतो आणि तो मापाडी अंदाजाने धरतो. कुणाला पियानो येणार आणि कुणाला नाही, याचा सगळा निवाडा त्या दीड सेंटीमीटरमध्ये होतो. दुसऱ्याच्या हाताला तो कधी कमी भरतो, कधी जास्त. स्वतःच्या हाताला कायम कमी.

त्याचं दैवत रखमॅनिनॉव्ह. हा रशियन पियानोवाला, साडेसहा फुटांच्या घरातला उंच माणूस, एका पंज्यात सा-पासून वरच्या सप्तकातल्या प-पर्यंत पोचायचा असं सांगतात. त्याच्या 1901 मध्ये पुऱ्या झालेल्या दुसऱ्या कॉन्चेर्टोच्या सुरुवातीलाच असे रुंद स्वर एकदम दाबायचे येतात की भल्याभल्यांना ते एकामागून एक, वर ओघळत सोडावे लागतात. मापाडी हे इतक्या आपुलकीने आणि इतक्या वेळा सांगतो की गावात त्या माणसाला रखमाजी म्हणतात. एकदा एका पाहुण्याने विचारलं, "कोण हे रखमाजी? ओतूरकडचे का?" तेव्हा बाकावरचा एक जण म्हणाला, "नाय हो, बाहेरचे. हात लई मोठा होता म्हणत्यात." पाहुणा समजला, सढळ हाताने देणारा कुणी दानशूर असणार. त्याने मान हलवली, आणि ओझरात रखमाजींच्या नावावर एक पुण्य जमा झालं.

मोठं ते भारी, या एका सूत्रात मापाडी सगळं बसवतो. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला 30 थाळ्या आहेत, एकेक 45 मीटर रुंद. शाळेची सहल तिकडे निघाली की हा पोरांना सांगतो, "बघा. आकाशातलं वाजलेलं ऐकायलासुद्धा पंजा मोठा लागतो."

त्याची खरी अडचण होते ती आमच्या भजनी मंडळात.

तिथे पेटीला जो गडी बसतो तो कांदा-उसाचा शेतकरी. बोटं जाड, आखूड, खुरप्याच्या मुठीवर घडलेली. मापाड्याने त्याला मापलं तेव्हा तो मापाड्यापेक्षाही कमी भरला. आणि काकड्याला पहाटे तो पेटीवर बसला की गवळणीच्या मागे अशा काही जागा काढतो की मृदंगवाला वाजवता वाजवता हसतो. मापाडी पहिल्या रांगेत बसून टाळ कुटतो आणि बाहेर आल्यावर म्हणतो, "पेटी त्यात धरत नाही."

यात तो चूक बोलत नाही, हेच त्याचं वाईट आहे. हार्मोनियमचं पेटंट पॅरिसच्या डेबाँने 1842 मध्ये घेतलं. त्याच्या वाद्याला भाता पायाने हलवायचा, म्हणजे वाजवायला दोन्ही हात मोकळे. आपल्याकडे तीच पेटी जमिनीवर बसली, मांडी घातली आणि एक हात भात्याला गेला. राहिला एकच हात. आपलं गाणं एका वेळी एकच स्वर मागतं, खालचा सा आणि वरचा ग एकत्र दाबा असं अभंग कधी म्हणत नाही. मग वीत हवी कशाला? बोट सरकलं पाहिजे, भाता तुटता कामा नये, आणि गाणाऱ्याच्या मनात काय आहे ते आधी कळलं पाहिजे. तमाशातल्या तुणतुण्याला तर बोटंही धरायची नाहीत. सतारीला डाव्या हाताची तर्जनी आणि मध्यमा पुरतात, आणि मींड काढायची तर तार बाजूला ओढायची. आपल्या लोकांनी स्वर गाठायला हात लांब केला नाही, तार ओढली. मापाड्याला हे पटतं, आणि पटलं की तो उठून घरी जातो.

त्याच्या भाच्याने एकदा मोबाईलवर ब्रिजभूषण काब्रांची गिटार ऐकवली. ते गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवरून कांडी सरकवत राग वाजवायचे. 'कॉल ऑफ द व्हॅली' ही 1967 सालची रेकॉर्ड पुष्कळ घरांत होती, त्यातली गिटार त्यांची. कांडी सरकवायला कसली आलीय वीत! भाच्याला वाटलं, मामाचा प्रश्न मिटला. मामा म्हणाला, "झोपवलेली गिटार आपण बघत नाही."

मग भाच्याने जँगो रेनहार्टचं सांगितलं. या गिटारवाल्याच्या राहत्या गाडीला 1928 मध्ये आग लागली आणि डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी कामातून गेली. उरलेल्या दोन बोटांवर त्याने असं वाजवलं की आजही लोक त्याच्या रेकॉर्डी ऐकून बोटं मोजतात. मापाडी बराच वेळ गप्प बसला. भाचा म्हणाला, "मामा, त्याला तर करंगळीच नव्हती."

"तेच म्हणतोय मी," मापाडी म्हणाला. "नव्हती म्हणून जमलं. माझी आहे, आणि आखूड आहे. ती मध्ये येते."

यावर काय बोलणार? भाचा आता मामाकडे फक्त जेवायला येतो.

नारायणगावची गोष्ट याहून मजेची. पाडव्याच्या आधी तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी द्यायला येतात. असेच एकदा आमच्या बाजूचे लोक निघाले, तर मापाडीही गाडीत बसला. बाकीचे राहुटीत तारखा आणि आकडे बोलत बसले आणि याने बाहेर कीबोर्डवाल्याला गाठलं. बुटका, किडकिडा पोरगा, बोटं लहान. मापाड्याने पट्टी लावली.

"तुमचं सप्तक पुरत नाही," तो हळहळून म्हणाला.

"पुरवायचं कशाला मामा? हे बटण आहे ना." त्याने बटण दाबलं, आख्खा पट्टा एका सप्तकाने खाली गेला. दुसरं दाबलं, गाणारणीची पट्टी बदलली. "हे असलं काय कुणी विचारत नाही. गण-गवळणीपासून वग संपेस्तोवर बसणार का, तेवढं विचारत्यात."

विठाबाई भाऊ मांग यांचं हे गाव. पोटुशी बाई फडावरून उतरली, कनातीमागे बाळंत झाली आणि पुन्हा येऊन नाचली, ही त्यांची गोष्ट इथे पोराटोरांना ठाऊक आहे. त्या गावात अर्ध्या पेराची तक्रार घेऊन हिंडायला छाती लागते. मापाड्याला ती आहे. परतताना गाडीत तो म्हणाला, "बटणाचं खरं नाही. लाइट गेली की हात उघडा पडतो."

इतकं सगळं झाल्यावर तुम्ही म्हणाल, माणूस निव्वळ बाता मारणारा. मीही तसंच म्हणत असे, पण आमच्या आळीतल्या एका पोरीने तेवढं सुखही ठेवलं नाही.

पोरगी सहावीतली. बापाने वाढदिवसाला पुण्याहून गिटार आणली. दुकानदाराने दिली ती मोठ्या माणसाची, जाड पोटाची, स्टीलच्या तारांची. पोरगी गिटार घेऊन बसली की समोरून गिटार दिसायची आणि वर दोन वेण्या. उजवा हात पोटावरून खाली उतरायचा नाही, डाव्याचं मनगट पार मुडपलेलं. थोड्या दिवसांत मनगट दुखायला लागलं. क्लासमध्ये सांगितलं, सराव वाढव. आईने हळद लावली. बाप म्हणाला, "एवढे पैसे घातलेत, रडू नको."

मापाडी ओट्यावर येऊन बसला. आता हा सांगणार की पोरीचा हात लहान, नाद सोडा, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. त्याने पट्टी काढलीच नाही. शेजारच्या शिंप्याकडून टेप मागवला, पोरीचा पंजा मापला, मग गिटारीची तार मापली, मान मापली, पोट मापलं. प्रत्येक आकडा वहीत लिहिला. अंदाजाने काही धरलं नाही. आणि मग म्हणाला, "हात लहान नाही हिचा. गिटार मोठी आहे."

इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून हे वाक्य मी ऐकलेलं नव्हतं. स्वतःबद्दल तर नाहीच.

आणि ते तंतोतंत खरं होतं. पियानोच्या पट्ट्यांची रुंदी काही विघ्नहराने ठरवून दिलेली नाही. अठराव्या शतकातल्या वाद्यांचं सप्तक आजच्यापेक्षा थोडं अरुंद असायचं. पुढे मोठमोठ्या जलशांचे दिवस आले, जलसे करणारे बहुतेक पुरुष होते, आणि त्यांच्या वितीचं माप सगळ्यांना लागू झालं. बायकांची वीत सरासरीने त्याहून लहान, पण त्यांना विचारलं कुणी? आलिसिया दे लारोचा ही स्पेनची पियानोवादक पाच फुटांहूनही कमी उंचीची होती, हात तसेच. तिने त्याच रुंद पट्ट्यांवर आल्बेनिथची 'इबेरिया' वाजवली, रखमाजींचे कॉन्चेर्टोही वाजवले. तिचं कौतुक करावं तितकं थोडं, पण तिच्या नावाने बाकीच्यांना गप्प बसवायचं हे काही खरं नाही. योझेफ हॉफमन हा तर नामांकित पुरुष. त्याचे हात लहान, म्हणून स्टाइनवे कंपनीने त्याच्यासाठी जरा अरुंद पट्ट्यांचे पियानो बनवून दिले. पुढे कॅनडाचा डॉनिसन आणि अमेरिकेचा स्टाइनब्यूलर यांनी साडेपाच इंचाच्या सप्तकाचे पट्टे काढले, नेहमीचं साडेसहा इंचाचं असतं. हे सगळं मापाड्याच्या वहीत मी नंतर पाहिलं. मागच्या बाजूला, बारीक अक्षरात. रखमाजी पुढच्या पानावर आणि हॉफमन मागच्या!

तर गिटार बदलून आणली. पाऊण मापाची, तार सुमारे 58 सेंटीमीटर, तारा नायलॉनच्या. मापाड्याने पोरीला अंगठा मानेच्या मागे मधोमध ठेवायला लावला, मनगट थोडं पुढे काढायला लावलं. हे त्याला कुठून कळलं, तर पुस्तकात वाचून. सुरुवातीला तिसऱ्या घरावर कापो, म्हणजे तारा दाबून धरणारा चाप, लावून दिला, मग दुसऱ्या, मग पहिल्या, मग काढून घेतला. गणपतीत शाळेच्या कार्यक्रमात पोरगी एफ लावून मोकळी झाली. कुणाच्या लक्षातही आलं नाही. फक्त मापाडी चौथ्या रांगेतून उठून उभा राहिला आणि मागच्यांनी त्याला खाली बसवलं.

त्यानंतरचे काही महिने गावाला जड गेले. बरोबर ठरलेला मापाडी हा नेहमीच्या मापाड्यापेक्षा अवघड. पट्टी गेली, टेप आला. संकष्टीच्या गर्दीत तो आता भाविकांना सांगतो, "तुमचा हात बरोबर आहे, वाद्य चुकीचं आहे." स्टोअरकीपर खूश होऊन जातात. एकाने तर घरी जाऊन खरोखर काहीतरी विकत घेतलं आणि फोन करून सांगितलं. वाद्याचं नाव मापाडी सांगत नाही, म्हणजे बासरी असणार.

परवा ती पोरगी त्याच्या अंगणात आली. गिटार त्याच्या मांडीवर ठेवून म्हणाली, "आजोबा, आता तुम्ही लावा एफ. ही लहान आहे, तुमची करंगळी पुरेल."

आजी, म्हणजे मापाड्याची बायको, चहाचं आधण ठेवायची थांबली. आम्ही दोघेतिघे ओट्यावर होतो, तेही गप्प झालो.

मापाड्याने डावा हात मानेभोवती नेला. अंगठा मागे, बरोबर मधोमध. तर्जनी आडवी केली. मग बोटांकडे पाहिलं, घरांकडे पाहिलं, आणि हात काढून घेतला.

"जमायचं नाही गं," तो म्हणाला. "हिच्यावर माझी बोटं दाटीला येतात. हात मोठा पडतो."

"मग तुमच्या मापाची आणा की!"

"आणणारच आहे. हॉफमनला दिली तशी करून घ्यावी लागणार. मोठीला हात लहान, लहानीला हात मोठा, म्हणजे मधली हवी. मिरजेच्या कारागिरांना पत्र लिहून ठेवलंय."

"लिहून ठेवलंय का टाकलंय?" आतून आजींनी विचारलं.

"टाकायचं काय," मापाडी खिशातला टेप चाचपत म्हणाला, "माप पक्कं झालं की लगेच टाकतो."